पलंगाखालची लक्षवात

माझं अक्षर वाईट आहे. शुद्धलेखनाच्याही चुका होतील, त्याबद्दल माफ करा. चौथीपर्यंतच शिकले, आणि त्यानंतर वाण्याच्या यादीपलीकडे फारसं काही लिहिलं नाही. हे जे लिहिते आहे ते कुणालाच सांगितलेलं नाही. तोंडाने सांगणं मला जमत नाही. चार माणसांत माझा आवाज निघत नाही — लहानपणापासूनच.

आधी आईबद्दल सांगते.

बाबा सरकारी ऑफिसात शिपाई होते. ऑफिसाबरोबर नागपूरहून इथे भोपाळला आले. आम्ही टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आसपासच्या मराठी घरांत कुणी बाळंत झालं की आईला बोलावणं यायचं. आई पहाटे जायची, बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायची, शेक-शेगडी करायची. पैसे कधी घेतले नाहीत. फार आग्रह झाला तर खोबऱ्याची वाटी घ्यायची. म्हणायची, "लेकराला पाणी घालायचे कोणी पैसे घेतं का?" बाबा नेहमी आजारी असत, घरात कुणीतरी लागायचं, म्हणून मला चौथीनंतर घरी बसवलं. हे कारण म्हणून सांगत नाही. असं झालं, एवढंच.

माझं लग्न झालं, आणि दोन वर्षांत मी परत आले. नवऱ्याने दुसरं घर केलं. आईने मला एक शब्द विचारला नाही. बाबा गेल्यावर आम्ही दोघी कोलार रोडला दोन खोल्यांत राहायला आलो. तिथे तिने लक्षवात धरली — एक लाख वाती वळायच्या आणि देवासमोर तुपात भिजवून एकदम पेटवायच्या. रोज दुपारी ती कापूस घेऊन बसायची. मांडीवर राख लावून वात वळायची, जुडी बांधायची, डब्यात टाकायची. हे कितीतरी वर्षं चाललं. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तरी बोटं चालूच. मी शेजारी बसून टीव्ही बघायची. कधी एक वात वळली नाही.

वाती पुऱ्या झाल्या तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती. तुपाचे पैसे आमच्या गल्लीतल्या सुमनकाकूंनी दिले. त्यांची तिन्ही मुलं आईच्या पायांवर न्हाली होती. "तुझ्या आईने आयुष्यात माझ्याकडून एवढंच घेतलंय," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात नोटा कोंबल्या. आई मला म्हणाली, "तू जा बाई. दत्ताच्या देवळात गुरुजींना सांगून ठेवलंय, तूप तेच आणतील, पैसे त्यांना दे. नीट पेटव."

मी डबा घेऊन ऑटोने गेले. गुरुवार होता. देवळात मंडळाच्या बायका भजनाला जमलेल्या — चांगल्या घरच्या, चार इमलीच्या साहेबांच्या बंगल्यांकडच्या असतील. एकीने डबा बघितला आणि हसून विचारलं, "लक्षवात का? वा! मग मिस्टर कुठायत? हे जोडीनं करतात ना?" वाईट मनाने नाही विचारलं. दुसरी म्हणाली, "गाडी लावत असतील गं, पार्किंगची बोंब आहे इथे." सगळ्या हसल्या.

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "हो, गाडीपाशीच आहेत. बोलावते." आणि डबा उचलून बाहेर आले. चपला घातल्या. ऑटोत बसले. घरी आले.

आई झोपली होती. डबा मी तिच्याच पलंगाखाली, पार भिंतीला लावून सरकवला. ती उठली आणि तिने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं."

"ज्योत कशी होती?"

"मोठी होती. सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या."

ती हसली. मग म्हणाली, "संकल्पात तुझंच नाव घेतलंस ना? तुझ्यासाठीच बोलले होते मी. माझ्यामागे हिला एकटीला निभवता यावं म्हणून."

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की ही तिची देवाची हौस आहे, दुसऱ्यांच्या लेकरांना न्हाऊ घालायची होती तशी.

मी म्हटलं, "हो, माझंच घेतलं."

खरी गोष्ट इथून पुढची आहे. देवळातून पळाले ते पळाले — पण दुसऱ्या दिवशी जाता आलं नसतं का? गुरुवार सोडून कधीही गेले असते तर देऊळ रिकामं मिळालं असतं. आई त्यानंतर पूर्ण पावसाळा आणि हिवाळा जगली. डबा तिच्या खाली होता. मी रोज त्या पलंगाखाली झाडू घालायची, डब्याला अडला की बाजूने फिरवायची. उद्या जाऊ, असंसुद्धा मनात येत नसे. काहीच येत नसे. आणि ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची — आमच्या पोरीनं लक्षवात केली, ज्योत पार वर गेली होती म्हणे.

तुपाचे पैसे हळूहळू संपले. भाजी, मोबाईलचं रिचार्ज, एकदा न्यू मार्केटला चाट खाल्ली. एखादी मोठी वस्तू घेतली असती तर निदान नाव तरी सांगता आलं असतं.

आई माघात गेली. तेरावं झाल्यावर मी पलंग हलवला. तेव्हा तरी जायचं होतं. अडवायला कोण होतं? सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. मी डबा घेऊन खाली उतरले. गाडीवाल्याने विचारलं, "मौसी, सूखा है कि गीला?"

मी म्हटलं, "सूखा."

त्याने डबा उपडा केला आणि रिकामा मला परत दिला. त्यात मी आता तांदूळ ठेवते.

रडू आलं नाही. अजूनही येत नाही. लोक म्हणतात, तुझी आई म्हणजे देवमाणूस. मी मान हलवते.

पुढे मी एका शाळेच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला लागले. पगारातून थोडे थोडे काढून सुमनकाकूंना द्यायला लागले. पहिल्यांदा दिले तेव्हा त्या म्हणाल्या, "हे कसले गं?" खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. निघालं असं — "आई सांगून गेली, काकूंचे तुपाचे पैसे ठेवू नकोस." काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "मरतानाही कुणाचं ठेवलं नाही माऊलीनं," म्हणाल्या. गल्लीत सगळ्यांना त्यांनी हेच सांगितलं. दर महिन्याला मी पैसे देत गेले आणि दर महिन्याला त्या हेच बोलत गेल्या. मी ऐकून घेतलं.

गेल्या पगारात शेवटचे पैसे दिले. काकूंनी मोजले नाहीत, देवापुढे ठेवले. सगळे फिटले.