घरचा काटा

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, वजनकाटे दुरुस्त करतात. दुकानातले, गोदामातले, दवाखान्यातले, हॉटेलांच्या स्वयंपाकघरातले, सगळे. एक लोखंडी वजनांची पिशवी, एक स्क्रूड्रायव्हर आणि तोंडात कायमचं एक वाक्य: "मान वर, नजर समोर. खाली वाकून बघाल तर काटा खोटं बोलेल." माणसांच्या काट्यावर कुणीही चढलं की हे वाक्य ठरलेलं. माझ्या लग्नाच्या आधी मी एकदा त्यांच्या दुकानात सहज काट्यावर उभी राहिले, तर होणाऱ्या नवऱ्यासमोर मला हे वाक्य ऐकवलं आणि वर आकडाही मोठ्याने वाचला. मेव्हणी आहे म्हणून सोडलं नाही. मीही तेव्हापासून त्यांना सोडलेलं नाही.

पण आता चेष्टा करायची म्हटली तरी जीभ रेटत नाही. का ते सांगते.

ताईचे गुडघे गेले. जिना उतरताना ती कठड्याला धरून एकेक पाय असा ठेवायची की बघणारा आपसूक हात पुढे करायचा. डॉक्टर म्हणाले, उजवा गुडघा बदलू, पण आधी वजन पंच्याहत्तरच्या खाली आणा, नाहीतर मी हात लावणार नाही. ताई तेव्हा चौऱ्याऐंशी होती. ताईने खाणं ही आयुष्यात कधी चोरून करायची गोष्ट मानली नव्हती. ती सरळ बसून, सरळ जेवणारी बाई. घरी येऊन ती चपलाही न काढता बसली, तर भाऊजी तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तू एकटीने कशाला? मीपण करतो. तू उपाशी राहणार आणि मी समोर बसून खाणार, माझ्या घशाखाली उतरेल का?"

तेव्हा मला ते फार आवडले होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे आवडणार नाहीत.

ताईने मनावर घेतलं. तळण बंद, साखर बंद, भात चमच्याने. उकडलेल्या भाज्या ती अशी चावायची की जणू भाजीवर उपकार करते आहे. भाऊजींचं ताट तसंच, बरोबरीचं. दर रविवारी सकाळी नाश्त्याआधी दोघांचं वजन व्हायचं. भाऊजींनी त्यासाठी स्वतःच्या दुकानातून एक जुना गोल तबकडीचा काटा आणून, साफ करून, न्हाणीघराच्या दाराशी ठेवला. आधी ते चढायचे, मग ताई. मान वर, नजर समोर. उतरताना गुडघा दुखायचा म्हणून ताई त्यांच्या खांद्यावर हात ठेवायची, आणि ते हात धरून तिला उतरवायचे.

आता भाऊजींचा धंदा बघा. हॉटेलवाल्यांना प्रत्येक प्लेट सारख्या वजनाची लागते. चीजच्या तळलेल्या काड्या, मसाला लावलेले कोंबडीचे पंख, मशरूममध्ये सारण भरून केलेले ते गोळे, सगळं काट्यावर मोजून कढईत जातं. जेवणाआधीचे हे पदार्थ म्हणजे हॉटेलाची खरी कमाई, म्हणून तिथला काटा नीट हवा. भाऊजी काटा तपासणार, आचारी एक प्लेट मोजून दाखवणार, तळणार, आणि म्हणणार, "साहेब, आता चव घ्या." नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. शिवाय त्यांनी मनाची समजूत घालायचा एक हिशोब काढला होता. पूर्ण प्लेट खायची नाही, शंभर ग्रॅम खायचं. तेही डोळ्यांदेखत काट्यावर मोजून. एक ग्रॅम जास्त नाही. हॉटेलं दिवसाला किती करायची, हे मात्र मोजायचं नाही. हे सगळं त्यांनी नंतर स्वतःच्या तोंडाने सांगितलं, म्हणून मला माहीत.

पहिल्या रविवारी त्यांचं वजन जरा वाढलेलं निघालं. ताई म्हणाली, "होतं असं सुरुवातीला." दुसऱ्या रविवारी आणखी वाढलं. ताई म्हणाली, "अहो, कुठे चुकतंय आपलं?" तिने 'आपलं' म्हटलं. त्यांना तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणे. झालं असेल. पण माणूस मेल्यासारखं झाल्यावर खरं बोलतोच असं नाही. शनिवारी संध्याकाळी ताई देवळात गेली असताना, नव्हे, माझ्याकडे आली असताना, त्यांनी काटा उपडा केला, मागचं झाकण काढलं आणि आतला स्क्रू थोडा पिळला. शून्याला हात लावला नाही. रिकाम्या काट्यावर सुई अगदी शून्यावर, कुणाची शंका येणार नाही. माणूस चढला की मात्र सुई थोडी मागे राहायची. असली सफाई दुसऱ्या कुणाला जमली नसती. चाळीस वर्षं ज्या हातांनी लोकांचे काटे खरे केले, त्याच हातांनी घरातला खोटा केला. कुंपणानेच शेत खाल्लं.

आणि एवढ्या हुशार माणसाच्या एक साधी गोष्ट लक्षात आली नाही, की त्याच काट्यावर बायकोही चढते.

रविवारी ते चढले, सुई खाली. ताई खूश झाली. मग ताई चढली आणि तिचीही सुई खाली. ती काट्यावर उभी राहूनच टाळ्या वाजवायला लागली. साठीच्या घरातली बाई! म्हणाली, "बघा, फळ मिळतं हो, मिळतं." भाऊजी खांदा पुढे करून उभे होते. त्यांना वाटलं, आत्ता सांगावं. पण तिचा चेहरा बघून त्यांचं धाडस झालं नाही. पुढच्या आठवड्यात बोलू म्हणाले. पुढच्या आठवड्यात चीजच्या काड्या वाढल्या होत्या, म्हणून स्क्रू आणखी थोडा पिळावा लागला. असं ते चाललं. म्हणजे ते बाहेर जितकं खायचे, तितकी ताई घरी बारीक व्हायची. मला हे आठवलं की हसू येत नाही, संताप येतो.

एका रविवारी ताई साडेचौऱ्याहत्तर भरली. तिने मला फोन करून आरडाओरडा केला. डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनी होती. त्या संध्याकाळी तिने ठरवलं, आपण तिघांनी बाहेर जायचं. भाऊजी नको नको म्हणत होते, मला वाटलं पथ्यासाठी. ताई म्हणाली, "जेवायचं नाही, नुसते सुरुवातीचे पदार्थ. तेही मोजून. मला माझी परीक्षा घ्यायची आहे."

आम्ही जवळच्याच हॉटेलात गेलो. मेन्यूवर प्रत्येक पदार्थासमोर कॅलरी छापलेल्या होत्या. ताईने चष्मा लावून त्या सगळ्या वाचल्या, शाळेतल्यासारखं बोट ठेवून. शेवटी चीजच्या काड्यांची एक प्लेट तिघांत मागवली. वाढप्याने पाणी ठेवलं आणि भाऊजींना म्हणाला, "साहेब, तुमचं नेहमीचंपण आणू ना?"

भाऊजींचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. मी तर संधी सोडणारी नाही, म्हटलं, "काय हो, नेहमीचं? खायचे दात वेगळे निघाले की तुमचे!" पण ताईनेच त्यांची बाजू घेतली. "अगं, काटे तपासायला येतात, चव घ्यायचा आग्रह होणारच. घेतली असेल एखाद्या वेळी. काटा सांगतोय ना वजन उतरलंय? मग झालं." असं म्हणून तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. भाऊजींनी तो हात काढून घेतला आणि पाणी पिऊ लागले.

काड्या आल्या. ताईने एक आपल्या छोट्या ताटलीत घेतली, सुरीने तिचे तुकडे केले, एकेक तुकडा चटणीला जेमतेम लावून तोंडात ठेवायचा आणि काटा-सुरी खाली ठेवून द्यायची. चीज ताणलं गेलं की ती लहान मुलीसारखी हसायची. डोळे मिटून चावत होती. मग तिने अर्धी आणखी घेतली, बाकीची प्लेट माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "बास. दीड. दीड काडीत मन भरलं, बघ." तिला एवढं सुखात जेवताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. भाऊजींनी एकही काडी उचलली नाही. मी म्हटलं, बाई, काय हा संयम.

दोन दिवसांनी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो, तिथे नर्सने ताईला काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याहत्तर.

"मावशी, अजून तीन कमी करायला लागतील," नर्स म्हणाली.

"नाही हो, चुकतंय काहीतरी. घरी साडेचौऱ्याहत्तर भरलंय." ताईने चपला काढल्या, पदर सावरला, पुन्हा चढली. अठ्ठ्याहत्तरच. मागे बाकावर बसलेली माणसं बघायला लागली. ताईला घाम फुटला. मग तिचा चेहरा एकदम उजळला. "अहो, तुम्ही बघा ना! आमचे हे काट्यांचंच काम करतात," तिने नर्सला सांगितलं, अभिमानाने. "ह्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. हे म्हणाले काटा चुकलाय, तर चुकलाय."

सगळे भाऊजींकडे बघत होते. त्यांनी नुसतं 'चुकलाय' म्हटलं असतं तरी पुरे होतं. डॉक्टर राजीही झाले असते कदाचित, आणि गुडघा झाला असता. किंवा ऑपरेशनच्या टेबलावर नको ते झालं असतं, कारण तीन किलो कमी करायला सांगतात ते उगाच नव्हे. भाऊजी खाली बसले, काट्याच्या पायाशी हात लावला, उगाच इकडेतिकडे बघितलं. मग ते उठले.

"बरोबर आहे काटा," ते म्हणाले.

ऑपरेशनची तारीख पुढे गेली. टॅक्सीत ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "त्या दीड काडीने घात केला. मीच जिभेला आवर घातला नाही. तुम्ही दोघांनी माझ्यासाठी एवढं केलंत, आणि मी..." तिने पदर डोळ्यांना लावला. मी म्हणत राहिले, अगं वेडे, दीड काडीने तीन किलो वाढतात का! पण तिला पटेना. काटा घरचा होता ना. घरचा काटा चुकणं शक्य नव्हतं, म्हणजे चूक तिचीच.

दुपारी तिने जेवायला बसून ताट सरकवून दिलं. नुसतं पाणी पिते म्हणाली. भाऊजी उठून बाहेर गेले. मला राग आला, की बायको रडते आहे आणि ह्यांना फिरायला सुचतंय. पण ते परत आले ते दुकानातून रिक्षात घालून वजनांच्या तीन-चार पिशव्या घेऊन. न्हाणीघराच्या दाराशी बसले आणि घरच्या काट्यावर एकेक लोखंडी वजन रचायला लागले. ताईला हाक मारली. साठ किलोची वजनं, प्रत्येकावर सरकारी शिक्का मारलेला, आणि सुई सत्तावन्नच्या जवळ थांबली.

"मी केलं हे," ते म्हणाले. "माझं खाणं लपवायला. तुझी सुई उतरेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि आल्यावर मी सांगितलं नाही." मग त्यांनी सगळं सांगितलं, शंभर ग्रॅमच्या हिशोबासकट. सांगताना एकदाही वर बघितलं नाही. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. त्यांच्या वतीने मलाच लाज वाटत होती.

ताई आधी एवढंच म्हणाली, "म्हणजे मी जास्त खाल्लं नव्हतं." आणि तिने सुस्कारा सोडला. बस, तेवढंच. तो सुस्कारा ऐकून भाऊजींनी तोंड झाकून घेतलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तिने ताट पुढे ओढलं आणि भाजी-पोळी नीट बसून खाल्ली.

पुढच्या रविवारी तिचा मला फोन, "येतेस का? औषधांच्या दुकानात वजन करून येऊ." कोपऱ्यावरच्या त्या दुकानात दाराशीच काटा आहे. दुरुस्त कुणी केलाय, हे वेगळं सांगायला नको. भाऊजी आमच्या मागून येत होते, हाकेच्या अंतरावर, शिक्षा झालेल्या पोरासारखे. रविवार असल्याने दुकानात गर्दी होती. दुकानदाराने त्यांना ओळखलं. "साहेब, तुम्ही इथे? घरचा काटा बिघडला की काय?" आणि हसला.

मला वाटलं, भाऊजी मान डोलावतील. सोपं होतं.

"बिघडला नाही," भाऊजी म्हणाले. "मी बिघडवला." गर्दीतले दोघंतिघं वळून बघायला लागले. दुकानदार उगाच गोळ्यांची पाकिटं सारखी करायला लागला.

ताई काट्यावर चढली. साडेसत्त्याहत्तर. तिने आकडा वाचला आणि मान हलवली. उतरायची वेळ आली तेव्हा सवयीने भाऊजींचा खांदा पुढे झाला. ताईने हात माझ्याकडे केला. मी तिला धरून उतरवलं. तिचं वजन माझ्या मनगटावर आलं, आणि मला कळलं की हे उतरवणं दिसतं तितकं सोपं नाही.

"आता तुम्ही," ती त्यांना म्हणाली.

भाऊजी चपला काढून चढले. हनुवटी छातीला लागलेली, डोळे आपल्याच पावलांवर.

"मान वर, नजर समोर," ताई हळूच म्हणाली. रागाने नाही, त्यांच्याच सुरात. समोर ती उभी होती. आम्ही थांबलो, दुकानदार थांबला, मागे रांगेतली बाई थांबली. भाऊजींची मान काही वर होईना.