बाबांचं मौनव्रत

बाबांचं उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली, तेव्हा आम्हाला नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये येऊन वर्षही झालं नव्हतं. आई आधीच गेलेली, घरात आम्ही तिघंच. बाबांना सगळं कळायचं, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. मुंबईच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी सुचवलं म्हणून धाकट्या बहिणीने साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक तक्ता केला. वरच्या ओळीत तिचा आणि माझा पासपोर्ट फोटो, मधे चहा, गोळ्या, संडास, पंखा अशी चित्रं, आणि खाली बरोबर, चूक, प्रश्नचिन्ह.

बाबा तो मांडीवर घेऊन डाव्या हाताचं बोट फिरवायचे. माझा फोटो आणि प्रश्नचिन्ह, म्हणजे मी घरी आलो का. पंखा आणि चूक, म्हणजे बंद करा. पुढे पुढे त्यांना चौकोन न बघताही सापडायचे. मला मात्र त्या तक्त्याची भारी लाज. ज्यांना ऑफिसात सगळे वचकून असायचे, त्यांच्या मांडीवर हा बालवाडीचा कारभार! शेजारी डोकावले की मी तो गादीखाली सरकवायचो.

बहिणीला बघायला ठाण्याची मंडळी येणार, तेव्हा तर मी कहरच केला. घरात आजारपण दिसलं तर स्थळ हातचं जाईल, ही धास्ती. मी बाबांना आधीच खुर्चीत बसवलं, उजव्या हातावर शाल टाकली आणि तक्ता कपाटावर फेकला.

"मौनव्रत आहे म्हणून सांगायचं," मी बजावलं.

"दादा, काहीतरीच काय!"

"तुझ्यासाठीच मरतोय ना मी?" मी खेकसलो. हे स्थळ तिला हवंय की नको, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आज हे लिहितानाही मान खाली जाते.

मुलगा आणि त्याची आई, दोघंच आले. चहा झाला, बहीण कप घेऊन आत गेली. मुलगी पसंत असल्याचं मुलाच्या आईने तिथल्या तिथे सांगून टाकलं. "आमच्याकडूनही होकारच समजा," मी घाईघाईने म्हणालो.

बाबांचा डावा हात हलला. बोट त्यांच्या रिकाम्या मांडीवर टेकलं. वर डावीकडे, म्हणजे बहिणीचा फोटो. मग खाली उजव्या कोपऱ्यात, प्रश्नचिन्ह. पुन्हा वर, पुन्हा खाली. तिला विचारलंस का? बाबा थेट माझ्याकडे बघत होते, आणि मला त्यातलं अक्षर न् अक्षर कळत होतं.

"जप चाललाय वाटतं," मुलाची आई हळू आवाजात म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "दिवसभर चालतो."

तिने भक्तिभावाने बाबांना हात जोडले. मुलानेही जोडले. मग मीही जोडले.