म्हशींसाठी निळ्या फरशीचा हौद

माझा पोहण्याचा तलाव बेकायदेशीर आहे, हे मला भर ग्रामसभेत कळलं.

वडप्याच्या बाजूला आमचं गाव. शेड, तलाव आणि कुंपण यांचे नवे नियम आले होते. ग्रामसेवकांनी वाचून दाखवलं, पोहण्याचा तलाव शेजाऱ्याच्या हद्दीपासून दहा फूट आत हवा, नाहीतर बुजवायचा. आमचा चार फुटांवर! अख्खी सभा माझ्याकडे वळली, कारण गावात पोहण्याचा तलाव असलेली बाई मी एकटीच. (पोहता न येणारी मालकीणही मीच.)

माहेरी गणेशपुरीकडे तळ्यात मुलगे डुंबायचे आणि आम्ही मुली काठावर शेणी थापायचो. तेव्हापासून मनात होतं. पन्नाशीला आमच्या शेतात गोदाम उभं राहिलं, भाडं यायला लागलं, तेव्हा मी ह्यांच्याकडे दागिना न मागता तलाव मागितला. आणि आता त्यात मुरूम टाकायचा? मला तिथेच रडू फुटलं.

तेवढ्यात पुढचा नियम वाचला गेला. जनावरांच्या हौदाला दहा फुटांची अट नव्हती.

"आमचा जनावरांचाच हौद हाय," मी डोळे पुसत उभी राहिले.

ह्यांनी माझा पदर ओढला. "अगं, आपल्याकडं साधी शेळी न्हाय."

"जनावरं किती?" ग्रामसेवकांनी विचारलं.

"दोन म्हशी."

"बरं. मंगळवारी साहेब पाहणीला येतील."

गावभर शोधलं, पण म्हैस कुठली मिळायला? जिथे गोठे होते तिथे गोदामं झालीत. शेवटी माहेरून भाऊ बबन टेम्पोत दोन म्हशी घालून आला. त्याने निळी फरशी पाहिली, स्टीलची शिडी पाहिली आणि म्हणाला, "ताई, ह्या आता परत यायच्या न्हाईत."

म्हशी सरळ पाण्यात जाऊन बसल्या. साहेब आले.

"हौदाला शिडी कशाला?"

"एकीचे गुडघे दुखतात," मी म्हणाले.

"गोठा कुठाय?"

मी पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवलं.

"त्यात तर गाडी आहे."

"म्हशी पाण्यात असल्या की लावतो." (हे भिंतीकडे तोंड करून उभे होते.)

इतक्यात म्हशीने शेपूट झटकलं आणि साहेबांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. ते मागे सरले. "हौद मंजूर. पण गाडी बाहेर काढा, जनावरांसाठी कुंपण घाला, आणि जनावरं कायम दिसली पाहिजेत. मी मधून मधून बघून जाईन. लांबूनच."

झालं! गाडी गेली उन्हात, म्हशी आल्या शेडमध्ये. जन्मात पुन्हा शेणात हात घालणार नाही, असं लग्नात सगळ्यांना ऐकवून निघालेली मी रोज पहाटे पाटी उचलायला लागले. पोहणं शिकवायला एक बाई ठरवल्या होत्या. त्यांनी फाटकातून आत पाहिलं आणि रिक्षा परत फिरवली.

पण तलाव वाचला होता, मग मी थोडीच थांबते? डोक्याला काळी ओढणी घट्ट बांधली, म्हशीचं शेपूट धरलं आणि उतरले. महिन्याभरात तरंगायला लागले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हे मी ह्यांना सांगूनही टाकलं.

परवा साहेब आले तेव्हा आम्ही पाण्यातच होतो. ते फाटकाबाहेरूनच बघून गेले. संध्याकाळी ग्रामसेवकांनी पाहणीचा कागद आणून दिला. सगळं नियमात होतं. खाली लिहिलं होतं, 'जनावरे: तीन'.