कापसाच्या काट्यावरची पोरं

नांदुऱ्यात देवाला न जुमानणारे दोन-चार लोक होते. आमच्या शेजारच्या नर्सबाईंना न जुमानणारा मात्र मी एकही पाहिला नाही. उंची जेमतेम पावणेपाच फूट, पण त्या बोळात शिरल्या की ओट्यावर बसलेली माणसं उगाचच हात धुवायला उठत. एखादं पोर अनवाणी परसाकडे निघालेलं दिसलं की त्या स्वतःच्या चपला काढून त्याच्या पायात घालत आणि ते परत येईपर्यंत तिथंच उभ्या राहत. जंतांच्या औषधाचं तर विचारूच नका. वजन केल्याशिवाय थेंब देत नसत, आणि तोही स्वतःसमोर पाजत. दवाखान्यातला काटा मोडला तेव्हा त्यांनी आम्हा वीस पोरांची रांग थेट कापूस बाजारात नेली. मापारी वैतागला. "बाई, पोरं काय कापूस होय?"

"कापूस शेरभर कमी भरला तं शेठ तुले बोलते," बाई म्हणाल्या. "पोरगं चार शेर जास्त धरलं तं मी त्याच्या मायले काय सांगू?"

मापाऱ्यानं काटा जुळवला आणि मला पुन्हा मोजलं.

माझ्या धाकट्या बहिणीला, शेवंतीला, त्यांनी असंच औषध पाजलं. दुसऱ्या दिवशी जंत पडले. ते पाहून आई हादरली. पोटात अजून असतील म्हणून पुन्हा औषध मागायला गेली, तर बाई म्हणाल्या, "आता नाही, वहिनी. पुन्हा कवा द्याचं ते मी सांगतो." आईला दम निघेना. तिनं शेगावहून येणाऱ्या काकांकडून तसलीच बाटली मागवली. औषध गोड, शेवंती मागत गेली, आई पाजत गेली. अर्धी बाटली संपली. दुपारी पोरगी अंगणात झोकांड्या खाऊ लागली, हात थरथरायला लागले.

मी धावत जाऊन बाईंना जेवत्या ताटावरून उठवून आणलं. आईला त्या रागावल्या नाहीत. "कोनतं औषध? कवा देलं? किती पेली?" एवढंच. शेजारणीनं ओकारी काढायला मिठाचं पाणी आणलं, ते बाईंनी "श्वासात जाईन" म्हणत अंगणात ओतून दिलं. शेवंतीला कुशीवर वळवलं, बाटली कमरेला खोचली आणि भर रस्त्यात उभं राहून खामगावकडे निघालेला सरकीचा ट्रक अडवला.

"मराचं हाय का, बाई?" ड्रायव्हर ओरडला.

"नाही. म्हनूनच अडवला."

वाटेत शेवंतीला झटके आले. आई हंबरडा फोडत होती, मी डोळे मिटून घेतले होते. बाईंची बोटं नाडीवरून हलली नाहीत. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि लगेच उपचार सुरू केले. तिसऱ्या दिवशी शेवंतीनं भाकर मागितली.

त्यानंतर आईनं औषधाला हात लावणंच सोडलं. माझी औषधाची वेळ आली तेव्हा ती दाराआड उभी राहिली. बाईंनी माझं वजन केलं, औषध मापात ओतलं आणि ते आईसमोर धरलं.

"मले नका सांगू हो," आई रडायला लागली. "माह्याच हातानं पोरगी चालली होती."

"म्हनूनच तुम्ही द्या. मी मोजलं. पाजा तुम्ही."

आईनं माप हातात घेतलं, बाईंनी तिचं मनगट धरून ठेवलं. मी एका घोटात प्यायले.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. कुठे, ते नीट विचारायचं राहूनच गेलं. शेवंतीला आता त्यांचा चेहराही आठवत नाही. आई मात्र म्हातारपणी, नजर अधू झाल्यावरही, नातवंडांचं औषध मापात ओतायची, उजेडात धरायची आणि मला हाक मारायची, "पाह्य वं, बराबर हाय ना?"