बबन पंचाची शंका

फोन अनोळखी नंबरवरून आला, म्हणून आधी मी तो उचललाच नाही. पुन्हा वाजला तेव्हा उचलला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "काका, आप्पा गेले. सकाळी ओसरीवर बसल्या बसल्याच…" मी विचारलं, कोण आप्पा? तुम्ही कोण? माझा नंबर कुणी दिला? तो बबनचा जावई होता. बिचाऱ्याला हुंदका आवरत नव्हता आणि मी त्याची उलटतपासणी घेत होतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की ही सवय मला बबननंच लावली होती. अनोळखी नंबरवरून बोलणाऱ्याचं आधी काहीच खरं धरायचं नाही, हा त्याचा नियम. त्याच्या जाण्याची बातमीसुद्धा त्या नियमातून पार होऊनच माझ्यापर्यंत पोहोचली.

बबन चाकणजवळच्या निघोज्याचा. घरची बरीचशी शेती कारखान्यांखाली गेलेली, उरलेल्या तुकड्यावर घर आणि चार शेवग्याची झाडं. मी लातूरकडून पोटासाठी आलेला, चिंचवडला बिऱ्हाड केलेला. चाकणच्या एका कंपनीत आम्ही एकाच शिफ्टला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं मला विचारलं, की इतक्या लांब घर सोडून आलास, गावाकडं काही भानगड तर केली नाहीस ना? मी रागावलो नाही, हसलो. तिथून मैत्री जमली ती जमलीच. तरुणपणी तो कबड्डी खेळायचा. गुडघा गेल्यावर पंच झाला. भोसरी, चऱ्होली, आळंदी, कुठंही स्पर्धा असली की रविवारी पांढरा शर्ट घालून हजर. सामना संपला की वाकडी वाट करून आमच्याकडं यायचा, आणि मग चहावर दोन्ही घरच्या बातम्यांची देवाणघेवाण व्हायची. म्हणजे बातम्या मी द्यायच्या आणि शंका त्यानं काढायच्या. माझ्या मुलाला हिंजवडीत नोकरी लागली, तर ती कंपनी खरंच आहे का हे बघायला तो स्वतः मोटरसायकलवरून तिथं जाऊन आला. नात झाली, तर तिचं वजन ऐकून म्हणाला, दवाखान्याचा काटा नीट असतो का कधी? माझी बायको त्याला तोंडावर म्हणायची, "भावजी, तुमाला देव भेटला तर त्यालाबी आधार कार्ड मागताल." तो शांतपणे म्हणायचा, "मागायलाच पायजे, वहिनी."

एकदा मी मोबाइलवर आलेली एक गोष्ट त्याला वाचून दाखवली. सायकलच्या शर्यतीत पुढं असलेल्याची चेन पडते, मागचा त्याला ओलांडून जाऊ शकत असतो, पण थांबतो, वगैरे. बबननं सोबतचा फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "चेन पडली तवा हा फोटोवाला नेमका तिथंच कसा उभा व्हता?" मग कप खाली ठेवून म्हणाला, "राव, मी इतकी वर्सं पंच हाय. टच झाला तरी न्हाई म्हननारी बक्कळ बघितली. हरायची पाळी आल्यावर आपनहून व्हय म्हननारं अजून एकबी न्हाई बघितलं."

त्याच्या नशिबात ते बघणं स्वतःच्या लेकीच्या सामन्यात होतं. वैष्णवी त्याची एकुलती एक. बापाचा खेळ तिच्यात उतरला होता. तिच्या सामन्यांना तो पंच म्हणून कधी उभा राहिला नाही, लोक संशय घेतील म्हणून. प्रेक्षकांत मात्र असायचा. त्या वर्षी तिचा संघ अंतिम फेरीत गेला आणि मीही बबनबरोबर बघायला गेलो. समोर खेडकडचा संघ होता. शेवटची चढाई, दोन्हीकडं गुण सारखे. काजल नावाची काटक मुलगी चढाईला आली, कोपऱ्यात शिरली, वळली आणि कुणाला हात न लागता मध्यरेषेवर परत गेली. पंचांनी रिकामी चढाई दिली. आता जादा वेळ खेळवणार, म्हणून आमची माणसं ओरडायला लागली… आणि वैष्णवीनं हात वर केला. काजलची टाच आपल्या बोटांना घासून गेली, असं तिनं पंचांना सांगितलं आणि ती मैदानाबाहेर चालू लागली. एका गुणानं सामना गेला. तिचे प्रशिक्षक डोक्याला हात लावून बसले. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी बघतो तर बबनचे हात मांडीवर तसेच.

परतताना तो वाटेत एवढंच म्हणाला, "कायतरी शिजतंय." त्याची शंका अगदीच हवेतली नव्हती. वैष्णवीला त्याच खेडकडचं एक स्थळ आलेलं होतं. मुलगा चांगला, बोलणी सुपारीपर्यंत आलेली, आणि मुलाचा चुलता त्या जिंकलेल्या संघाचा पाठीराखा. बबननं दोन्ही टोकं जोडली. होणाऱ्या सासरला खूश करायला पोरीनं सामना दिला, किंवा तिच्याकडून कुणी तो देववला. मी समजावलं, त्याच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी समजावलं. त्यानं लेकीला समोर उभं करून विचारलं. ती म्हणाली, "आप्पा, टच झालता. म्हनून गेले." त्यानं दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ती आत निघून गेली. त्यानं स्थळाला निरोप धाडून बोलणी थांबवली, आणि वैष्णवीनं बापाशी बोलणं थांबवलं. एकाच घरात दोघं समोरून यायची आणि बाजूनं जायची. वहिनी मला फोनवर म्हणायच्या, "भावजी, पोरगी जेवतीय न् जेवल्यासारखं करतीय. ह्यांना सांगा की कुनीतरी." मी सांगून काय होणार होतं?

मग एके दिवशी त्यानंच पुन्हा निरोप धाडला, की बसू या. का, ते कुणालाच सांगितलं नाही. वहिनींच्या डोळ्यांतलं पाणी बघून तो नमला, असं आम्ही समजलो. वैष्णवीही तेच समजली. लग्न नीट झालं. पाठवणीच्या वेळी तिनं बापाच्या पाया पडून डोकं वर केलं, पण नजर दिली नाही. पुढं येणंजाणं सुरू राहिलं, बोलणंही. मात्र मधे काहीतरी अडलेलं होतं, ते आम्हां सगळ्यांना दिसायचं. आप्पांनी माझं लग्न करून दिलं, पण माझ्यावर विश्वास नाही ठेवला, असं ती माझ्या बायकोजवळ एकदा बोललीही होती.

बबनच्या दहाव्याला निघोज्याला गेलो होतो. विधी आटोपून बायका आत बसल्या होत्या, मी दाराशीच होतो, तेव्हा त्या सामन्यातली काजल आली. तिला मी एकदम ओळखलं नाही. ती वैष्णवीजवळ बसली, हात धरला आणि म्हणाली, की काका आमच्या घरी आले होते, तुला माहितीय ना? वैष्णवीला माहीत नव्हतं. आम्हां कुणालाच नव्हतं. बोलणी मोडलेली असताना बबन एकटा तिच्या गावी गेला होता. तिच्या आईवडिलांसमोर बसून त्यानं काजलला खोदून खोदून विचारलं. वैष्णवीशी आधी काही बोलणं झालं होतं का? चुलत्यानं काही सांगितलं होतं का? टाच खरंच लागली होती का?

"मी म्हटलं, काका, मला स्वतःलाच कळलं नव्हतं," काजल सांगत होती. "मी तर रिकामीच परत आले म्हणून रडकुंडीला आले होते. तिनं हात वर केला तेव्हा मलाही वाटलं, ही असं का करतीय?"

मग काका काय म्हणाले, असं वहिनींनी विचारलं.

"पाणी मागितलं. मग म्हणाले, म्हंजी फकस्त तिलाच ठावं व्हतं. तिनं सांगितलं नसतं तर देवालाबी कळलं नसतं… एवढंच म्हणाले आणि निघाले. दारातनं परत वळून माझ्या डोक्यावर हात ठेवला."

वैष्णवी तोवर खाली बघत होती. तिनं पदर तोंडावर घेतला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. कुणी तिला थांबवलं नाही. मला मात्र बबनचा रागच आला. आयुष्यभर साऱ्या शंका गावाला वाटत फिरला, आणि एकदा खात्री पटली तर ती कुणाला सांगवेना? लेकीला तरी सांगायची. कदाचित शब्द सापडले नसतील. त्या वाटेला तो कधी गेलाच नव्हता ना…

गेल्या रविवारी मीच वाकडी वाट करून निघोज्याला गेलो. ओसरीच्या खांबाला बबननं भंगारातून आणलेला बसचा मोठा आरसा ठोकलेला आहे. खुर्चीत बसलं की रस्ता पार वळणापर्यंत दिसतो. चोरांवर नजर ठेवायला लावलास काय, म्हणून मी त्याची थट्टा केली होती, आणि त्यानं ते कबूलही केलं होतं. वहिनी चहा घेऊन आल्या. मी त्यांना म्हटलं, आता हा काढून टाकला तरी चालेल. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. पोरीचं लगीन झाल्यावरच लावलाय त्यो. वैष्णवी यायची म्हनलं की सकाळधरनं हितंच बसायचे, आरसा पुसून."