आतून उघडणारं दार

कुलपं-चाव्यांच्या दुकानात बसणाऱ्या बाईला लोक सल्ले देतात तेही कुलपाचेच. धाकटीची आई घरातून निघून जायला लागली, तेव्हा अख्ख्या गल्लीने एकच पालुपद लावलं, ‘‘अगं, तुझ्या दुकानात कुलपांचा ढीग आहे, मग अडलंय कुठे?’’ जणू आई म्हणजे सायकल, साखळी घालून खांबाला बांधली की झालं!

घरात दोनच भावंडं, दादा आणि ही. दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला, उंच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. धाकटी लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आईजवळ राहिली आणि आईचंच दुकान चालवते. हो, आईचंच. नवरा गेल्यावर त्या बाईने कंबर कसली, हातात कानस घेतली आणि गल्लीत ‘चावीकाकू’ म्हणून नाव कमावलं. कुणाचं पोर न्हाणीघरात अडकलं, कुणाची म्हातारी सासू आत पडली आणि दाराला आतून कडी, की काकूंना हाक. हातातला घास टाकून धावायची. दार उघडेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहायची, ‘‘घाबरू नकोस, आलेच मी.’’

आता तिला स्वतःच्या मुलीचं नावही रोज आठवत नाही. पाय मात्र काहीच विसरायला तयार नाहीत. मनात आलं की निघाली. एकदा ती पुलापलीकडच्या बसडेपोत सापडली, भर उन्हात, अनवाणी, तळपायाला फोड आलेले. दादा कामावरून तसाच धावत आला.

‘‘पुन्हा असं झालं तर मी तिला माझ्याकडे नेणार,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्याकडे दार बंद राहील, पण ती सुखरूप तरी राहील.’’

दादा दुष्ट नव्हता. घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला आधी कडी सुचते. धाकटीही घाबरलीच होती. गिऱ्हाइकांना ती नेहमी दटावायची, की माणूस आत राहत असेल तर बाहेरून कडी घालू नका, आगबिग लागली तर काय कराल? पण आई दादाकडे त्या वरच्या मजल्यावर जाणार या धास्तीने तिने स्वतःच्या हाताने स्वतःच्या दाराला बाहेरून कडी ठोकली. ओढून पाहिली, कुलूप घातलं आणि दुकानात गेली. काम चोख झालं होतं, हेच वाईट.

दुपारी परतली तर दारामागून खरवडल्याचा आवाज. तिने कुलूप काढलं. आई जमिनीवर फतकल मारून बसली होती. हातात चमचा, चमच्याच्या दांड्याने बिजागरीचा खिळा अर्धा वर काढलेला, बोटांना रक्त.

‘‘सरक बाजूला,’’ आई म्हणाली. ‘‘आत कुणीतरी अडकलंय. मघापासून रडतंय. मी सांगितलंय त्याला, आलेच म्हणून.’’

आत दुसरं कुणीच नव्हतं. आईचे गाल अजून ओले होते.

तिने आईची बोटं धुतली, पट्टी बांधली. मग ओक्साबोक्शी रडली. ते आटोपल्यावर पेचकस घेतला आणि कडी उखडून काढली. कानाला खडा लावला, तो कायमचा.

पण नुसती कडी काढून भागणार नव्हतं, हे कळण्याइतकी ती शहाणी होती. दार उघडं टाकून देणं म्हणजे काही माया नव्हे. ती आईकडे नीट बघायला लागली, आणि आई उगाच निघत नाही हे तिच्या ध्यानात आलं. सकाळी चहा झाला की आईची दुकानाची वेळ व्हायची. दुपारी लघवीला लागली आणि मोरी सापडली नाही, की ती शोधत शोधत रस्त्यावर यायची. इतकं साधं! मोरीचं दार आता रंगवलेलं आहे आणि उघडंच असतं. सकाळी आई मुलीबरोबर दुकानात जाते, जुन्या चाव्यांचे जुडगे लावत बसते. लावलेले मोडते, पुन्हा लावते. गिऱ्हाइकाला रागवायलाही कमी करत नाही. पायात घट्ट बसणारे बूट असतात. घराच्या आणि दुकानाच्याही उंबऱ्यात घंटी आहे, कुणी बाहेर पडलं की वाजते.

गल्लीलाही धाकटीने धडे दिले. इस्त्रीवाला, औषधांचा दुकानदार, डेपोतला कंट्रोलर, सगळ्यांना. ‘‘हात धरून ओढायचं नाही. ‘कुठे निघालात’ म्हणून उलटतपासणी घ्यायची नाही. नुसतं म्हणायचं, काकू, मीही तिकडेच चाललोय.’’ 

फोनवर ठावठिकाणा दाखवणारी एक छोटी डबी मिळते, गळ्यात घालायची. औषधांचा दुकानदार म्हणाला, ‘‘कपड्यात शिवून टाक, त्यांना काय कळतंय?’’ धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. आईचं डोकं जरा ठिकाणावर असलेली एक सकाळ बघून तिने डबी आईच्या हातावर ठेवली.

‘‘आई, तू लांब गेलीस तर हिच्यामुळे मला कळेल. घालू गळ्यात?’’

आईने डबी उलटसुलट केली. ‘‘अडवायला आहे की शोधायला?’’

‘‘शोधायला.’’

‘‘मग घाल की. विचारतेस काय?’’

काही दिवसांनी दादा दुकानात आला, तो गाडी घेऊनच. आईची खोली तयार आहे म्हणाला. बहीणभावाची जुंपली, दोघांच्या तोंडाचा पट्टा सुटला, आणि त्या गदारोळात दुकानातली घंटी वाजलेली कुणालाच ऐकू आली नाही. मान वळवली तर खुर्ची रिकामी.

‘‘बघितलंस?’’ दादा ओरडला. तो पांढराफटक पडला होता. धाकटीने आधी फोन पाहिला. आई पुलावरून चालली होती.

‘‘चल. आणि पळू नकोस, ती घाबरेल.’’

आई डेपोच्या बाकावर सावलीत बसली होती. पायात बूट. शेजारी कंट्रोलर उभा, जणू बसचीच वाट बघतोय. धाकटी मागे थांबली आणि तिने भावाला पुढे केलं. तो घामाघूम होऊन आईसमोर उभा राहिला.

आईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ओळख लागली नाही, पण चेहरा वाचता आला.

‘‘रस्ता चुकलात का हो?’’ ती म्हणाली. ‘‘घाबरू नका. माझी मुलगी दुकानात असते, ती बघेल काय ते. चला, मी सोडते.’’

तिने त्याचा हात धरला. दादाने तो सोडवला नाही. पूल उतरल्यावर ती भलतीकडे वळली, तर तोही निमूट वळला. इस्त्रीवाला हातातलं काम टाकून बाहेर आला आणि म्हणाला, ‘‘काकू, मीही दुकानाकडेच निघालोय,’’ तसे तिघं परत फिरले. धाकटी मागून चालत राहिली. दादाचे खांदे हलत होते. रडू दे म्हणून तिने त्याला हटकलं नाही.

दुकानाशी आल्यावर आईने त्याला खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. तो पाणी प्यायला, नाक पुसलं. गाडीची गोष्टच निघाली नाही.

‘‘उद्या ती कधी निघते?’’ त्याने बहिणीला विचारलं.

‘‘चहा झाला की.’’

‘‘मग चहाला येतो मी. अडवणार नाही तिला, तिच्याबरोबर चालेन.’’