कोऱ्या कागदाखालची सही

अक्षर वाकडंतिकडं आहे, शुद्धलेखनही चुकलं असेल, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर माझं लिहिणं सहीपुरतंच उरलं, आणि सहीनेच मला पोळलं.

शेजारच्या वहिनींनी बचत गटातून शिलाई मशीनसाठी कर्ज काढलं, तेव्हा जामीन म्हणून मी सही केली. त्यांचे हप्ते थकले आणि गटाने ते माझ्याकडून वसूल केले. लोकांच्या भाकऱ्या थापून साठवलेले पैसे गेले. मग वहिनी मला औशाच्या बाजारात दिसल्या की दुसऱ्या गल्लीने वळायच्या. तेव्हापासून मी कुठल्याच कागदावर सही करत नव्हते.

त्यात मुलगी सातवीत गेली. सहावीचा तिचा पेपर निम्मा कोरा होता. धडा तिला यायचा, पण ‘तुलना करा’, ‘निष्कर्ष लिहा’ म्हणजे काय करायचं तेच कळायचं नाही. तिचे वडील म्हणाले, “सहामाहीला बी कोरा ठेवला तर शाळा बस झाली. देगलूरला आत्याकडं शिवणकाम शिकंल.”

शाळेतल्या नव्या बाईंनी अशा शब्दांसाठी एक रीत काढली होती. चिठ्ठीवर एक शब्द द्यायचा. पोरांनी तो घरच्या कामातून आईला समजावायचा. आईला कळला तर तिने खाली सही करायची. सही नाही तर पुढचा शब्द नाही.

पहिली चिठ्ठी मी उलटसुलट करून बघितली. वर ‘तुलना’, तळाला सहीची जागा, मधला सगळा कागद कोरा.

“मधी काय लिहिणार हाय तुझी बाई?”

“काहीच न्हाई, आई.”

“मग एवढी जागा कशाला सोडली?”

तिने शिळ्या पिठाची आणि ताज्या पिठाची भाकरी शेजारी ठेवून दाखवली. एक कडेला चिरलेली, एक अखंड. मला लगेच कळलं. तरी म्हटलं, “कळलं म्हणून तोंडी सांग बाईला.”

बाईंना तोंडी चाललं नाही. बाकीच्या पोरी पुढे गेल्या, आमची तुलनेवरच अडली. एवढ्या आयांच्या सह्यांचं ही बाई करते तरी काय? एकदा डोक्यावरचा पदर ओढून मी शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. बाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. माझा संशय पक्का झाला. आत जाऊन न विचारताच घरी आले आणि मुलीला सांगितलं.

सहामाही जवळ आली तशी मुलगी मैत्रिणींकडून त्यांचे शब्द मागून आणायला लागली. मी भाकरी थापत होते, ती चुलीपाशी येऊन बसली.

“बाईंनी कुलूप लावलं, हे तू बघितलंस. ते निरीक्षण. त्या सह्यांचं काहीतरी वाईट करणार, हे तुझं अनुमान. पुरावा हाय का?”

“पुरावा कुठून आणू?”

“मग निष्कर्ष कशाला काढून बसलीस?”

“लई शहाणी झालीस.”

“कळलं का पण?”

“कळलं.”

“मग कर की सही!”

पिठाचे हात पुसले. तुलनेच्या चिठ्ठीतल्या मधल्या कोऱ्या जागेवर आधी वरपासून खालपर्यंत तिरकी रेघ ओढली, मग सही केली. दुसऱ्या दिवशी नवी चिठ्ठी आली ती बोटभर रुंद. शब्द आणि सही एवढंच मावेल, इतकी.

सहामाहीचा पेपर तिच्या वडिलांनी दोन्ही बाजूंनी उलटून बघितला. कोरं कुठंच नव्हतं. “वह्या संपल्या का गं?” एवढंच त्यांनी विचारलं. देगलूरचं नाव परत निघालं नाही.

शेजारच्या वहिनींनी पैसे बुडवले, हा निष्कर्ष तर मी केव्हाच काढला होता. दिवाळीआधी त्या पुढच्या दाराने आल्या, कमरेची पिशवी सोडली आणि नोटा माझ्या हातावर ठेवल्या.

“मोजून घ्या, ताई. आता कशाला भरवसा ठेवता माझ्यावर?”

मी त्यांच्यासमोरच मोजल्या. पैसे पुरेपूर होते.